पाऊस ‘सामान्य’, मग दुष्काळ कसा? हवामान विभागाच्या अंदाजात नेमकं काय लिहिलेलं असतं

११ एप्रिल २०२३. भारतीय हवामान विभागाने त्या वर्षीच्या मान्सूनचा पहिला अंदाज जाहीर केला. देशात सरासरीच्या ९६ टक्के, म्हणजे ‘सामान्य’ पाऊस पडेल, असं त्यात म्हटलं होतं. थोड्याच वेळात ‘यंदा पाऊस सामान्य’ ही ओळ टीव्हीच्या पडद्यावर आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागली.

३१ ऑक्टोबर २०२३. महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांमध्ये दुष्काळ जाहीर केला. त्यातल्या २४ तालुक्यांत दुष्काळाचं स्वरूप गंभीर होतं.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की कुणीही एकच निष्कर्ष काढेल, तो म्हणजे हवामान विभागाचा अंदाज चुकला. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद महाराष्ट्रात जुनाच आहे.

पण त्या वर्षी देशात प्रत्यक्ष पाऊस पडला तो सरासरीच्या ९४ टक्के. अंदाज ९६ टक्क्यांचा होता आणि तो ५ टक्के कमी-जास्त होऊ शकतो, हे विभागाने त्याच पत्रकात लिहिलं होतं. म्हणजे विभागाच्या मापाने अंदाज बरोबर निघाला, तरीही शेतात पीक करपलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोळ झाला तो मधल्या एका शब्दात. तो शब्द म्हणजे ‘सामान्य’.

त्या पत्रकात आणखी काय होतं?

हवामान विभाग एप्रिलमध्ये केवळ एक आकडा देत नाही. देशभरातल्या पावसाचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाची शक्यता किती, हेही सांगितलेलं असतं. २०२३च्या पत्रकातल्या शक्यता अशा होत्या :

- तुटीचा पाऊस (सरासरीच्या ९० टक्क्यांहून कमी) : २२ टक्के
- सामान्यपेक्षा कमी (९० ते ९५ टक्के) : २९ टक्के
- सामान्य (९६ ते १०४ टक्के) : ३५ टक्के
- सामान्यपेक्षा जास्त (१०५ ते ११० टक्के) : ११ टक्के
- अतिरिक्त (११० टक्क्यांहून जास्त) : ३ टक्के

पाचपैकी सर्वात मोठा आकडा ‘सामान्य’समोर आहे, म्हणून बातमीचा मथळा ‘सामान्य’ झाला. पण वरच्या दोन ओळींची बेरीज करून पाहा. २२ आणि २९ मिळून ५१. म्हणजे पाऊस सामान्यपेक्षा कमी पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, असं तेच पत्रक सांगत होतं. सामान्यपेक्षा जास्त पावसाची शक्यता सगळी मिळून १४ टक्के होती.

आणखी एक रकाना महत्त्वाचा होता. मागच्या पन्नास वर्षांची आकडेवारी पाहिली तर साधारण तीनपैकी एका वर्षी पाऊस ‘सामान्य’ गटात बसतो. म्हणजे काहीही अभ्यास न करता दरवर्षी ‘सामान्य’ म्हटलं, तरी ते ३३ टक्के वेळा खरं ठरेल. २०२३चा ३५ टक्के हा आकडा त्यापेक्षा जेमतेम जास्त होता. त्यात नवीन माहिती फारशी नव्हती. नवीन माहिती होती ती ‘सामान्यपेक्षा कमी’ या ओळीत. तिथे एरवीची शक्यता १७ टक्के असते, ती २९ झाली होती.

त्यामुळे ‘यंदा सामान्यपेक्षा कमी पावसाची शक्यता ५१ टक्के’ हा मथळाही त्याच आकड्यांवरून देता आला असता. तो वाचून खत-बियाण्यांचा हिशोब करणाऱ्या माणसाने कदाचित वेगळा विचार केला असता.

‘सामान्य’ या शब्दाचे किती अर्थ?

बोलताना ‘सामान्य पाऊस’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात येतं ते ‘पुरेसा पाऊस’. हवामानशास्त्रात मात्र या शब्दाचा पुरेपणाशी संबंध नाही. तिथे तो सरासरीशी केलेल्या तुलनेचा शब्द आहे. त्यातही गंमत अशी, की ही तुलना करण्याचं माप जागेनुसार बदलतं.

पहिलं माप देशाचं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपूर्ण देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. १९७१ ते २०२० या काळातल्या पावसावरून ही दीर्घकालीन सरासरी काढली आहे. देशाचा पाऊस या सरासरीच्या वर-खाली ४ टक्क्यांच्या आत राहिला, तर तो ‘सामान्य’.

दुसरं माप जिल्ह्याचं आणि हवामान उपविभागाचं. इथे सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, इतका मोठा पट्टा ‘सामान्य’ धरला जातो. समजा, एखाद्या जिल्ह्याची सरासरी ६० सेंटिमीटर आहे. तिथे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला तरी तो सामान्य आणि ७१ सेंटिमीटर पडला तरी सामान्य. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी या दोन वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

२०२३ मध्ये नेमकं हेच झालं. देशातल्या ३६ हवामान उपविभागांपैकी ७ उपविभाग हंगामाअखेर तुटीच्या गटात होते. महाराष्ट्रातला एकही उपविभाग त्या यादीत नव्हता. मराठवाडाही कागदावर ‘सामान्य’ होता.

तिसरं माप दुष्काळाचं, आणि ते हवामान विभागाच्या हातात नाही. दुष्काळ जाहीर करण्याचं काम राज्य सरकारचं. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनुसार त्यासाठी एकूण पावसाबरोबरच पावसाचा खंड, पेरणीचं क्षेत्र, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा आणि पाणीसाठा पाहिला जातो. हवामान विभागाने तर २०१६ मध्ये ‘दुष्काळी वर्ष’ हा शब्दप्रयोगच सोडला. त्याऐवजी आता ‘तुटीचं वर्ष’ म्हटलं जातं.

एकाच पावसाकडे अशा तीन मापांनी पाहिलं जातं. वाचकापर्यंत पोहोचतो तो मात्र एकच शब्द, आणि त्याचा अर्थ तो आपल्या शेतावरून लावतो.

सरासरीत काय लपतं?

चार महिन्यांची सरासरी म्हणजे चार महिन्यांचा एकत्र हिशोब. पाऊस कधी पडला, हे त्यातून कळत नाही.

२०२३ मध्ये देशात जूनचा पाऊस सरासरीच्या ९१ टक्के होता. जुलैत तो ११३ टक्के झाला. ऑगस्टमध्ये तो एकदम ६४ टक्क्यांवर आला. १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. सप्टेंबरमध्ये पाऊस पुन्हा ११३ टक्के झाला आणि हंगामाची बेरीज ९४ टक्क्यांवर आली.

कागदावर ऑगस्टची तूट सप्टेंबरने बऱ्यापैकी भरून काढली. शेतात तसं होत नाही. सोयाबीन फुलोऱ्यात असताना, शेंगा भरताना जे पाणी लागतं ते तेव्हाच लागतं. पंधरा दिवसांनी आलेला पाऊस वाळलेलं पीक उभं करत नाही.

सरासरी जशी काळाची असते, तशी जागेचीही असते. ८७ सेंटिमीटर या आकड्यात मेघालयाचे डोंगर आहेत आणि जैसलमेरचं वाळवंटही आहे. मुंबईत पावसाळ्यात २०० सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर मराठवाड्याची सरासरी ६५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. देशाचा आकडा धान्याच्या साठ्याचं, आयात-निर्यातीचं, महागाईचं नियोजन करणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. एका गावातल्या पेरणीसाठी तो काढलेलाच नसतो.

माजलगावची पोलीस तक्रार

हा गोंधळ किती महाग पडतो, हे २०१७ मध्ये दिसलं. त्या वर्षी जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी थेट हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पाऊस गायब झाला आणि नुकसान झालं, अशी त्यांची तक्रार होती. बियाणं आणि कीटकनाशक कंपन्यांच्या फायद्यासाठी असे अंदाज दिले जातात, असा आरोपही त्यात होता.

त्या वर्षी विभागाचा जूनमधला सुधारित अंदाज ९८ टक्क्यांचा होता आणि त्यात ४ टक्के कमी-जास्त धरलेले होते. देशात प्रत्यक्ष पाऊस ९५ टक्के झाला. पुन्हा तेच. अंदाज त्याच्या मर्यादेत बसला, शेतकऱ्याचं नुकसानही खरं.

दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी या सगळ्याचा खर्च दुसऱ्यांदा. तो बहुतेकदा उसनवारीतून येतो. त्यामुळे अंदाजाचा अर्थ नीट न पोहोचणं हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही.

मग गावाचा आणि तारखेचा अंदाज एप्रिलमध्येच का देत नाहीत?

कारण तो देता येत नाही. त्यामागे एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं एक छोटं गणित सोडवत होते. जुनंच गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी फक्त ०.५०६ भरला. फरक इतका किरकोळ की काही होऊ नये. सुरुवातीला उत्तरं जुळलीही. नंतर ती एकमेकांपासून दूर जाऊ लागली आणि शेवटी दोन्हींचा काही संबंध उरला नाही.

वातावरणाचं असंच असतं. आजची स्थिती मोजताना राहिलेली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. त्यामुळे अमुक ठिकाणी अमुक दिवशी काय होईल, हे फार तर दोन आठवड्यांपर्यंत काही भरवशाने सांगता येतं. त्यापुढे ते सांगणं विज्ञानाच्या कक्षेत राहत नाही.

मग चार महिन्यांचा अंदाज तरी कसा देतात? कारण त्याचा आधार वेगळा आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान हवेसारखं रोज बदलत नाही. ते हळूहळू बदलतं आणि महिनोन् महिने टिकतं. प्रशांत महासागरात एल निनो तयार होत असेल, तर भारतातल्या मान्सूनचं पारडं कोणत्या बाजूला झुकेल याचा अंदाज बांधता येतो. उष्ण कटिबंधातल्या हंगामी पावसाचा अंदाज अशा आधारावर देता येतो, हा विचार ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये मांडला होता.

हॉटेलवाल्याचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आठवड्यात गिऱ्हाईक वाढणार, हे त्याला महिनाभर आधी माहीत असतं. त्या हिशोबाने तो माल भरतो. पण पाडव्याच्या दिवशी दुपारी एक वाजता तिसऱ्या टेबलावर कोण बसेल, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून त्याचा पहिला अंदाज खोटा ठरत नाही. हंगामाचा अंदाज पहिल्या प्रकारचा असतो. शेतकऱ्याला हवं असतं ते तिसरं टेबल.

हे अंदाज आजवर कितपत खरे ठरले?

चुका झाल्या आहेत आणि त्या मोठ्या होत्या. २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के, पाऊस पडला ८१ टक्के. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्के होता, प्रत्यक्ष पाऊस ७८ टक्के झाला. २०१९ मध्ये उलटं झालं. अंदाज ९६ टक्के आणि पाऊस ११० टक्के.

दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये विभागाने जूनमध्ये ८८ टक्के सांगितले, पाऊस ८६ टक्के झाला. २०२४ मध्ये अंदाज १०६ टक्के, पाऊस १०८ टक्के. २०२५ मध्ये एप्रिलचा अंदाज १०५ टक्के, मे महिन्यातला १०६ टक्के आणि पाऊस १०८ टक्के.

पण अंदाज बरोबर निघालेल्या २०२५ मध्येच सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली उभी पिकं आणि शेतातली माती वाहून गेली. देशाचा आकडा बरोबर असणं आणि शेत वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कमी पावसाच्या वर्षाइतकंच जास्त पावसाच्या वर्षातही खरं ठरतं.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती ठिकाणी?

रोजच्या अंदाजातले शब्दही असेच फसवे आहेत. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतेक ठिकाणी’ हे ऐकायला मोघम वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकाला ठरलेला आकडा आहे. एखाद्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापकांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतेक’.

पावसाच्या जोराचंही तसंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो मुसळधार, ११५.६ मिलिमीटरच्या पुढे अति मुसळधार, २०४.५ मिलिमीटरच्या पुढे अत्यंत मुसळधार.

म्हणजे ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज असेल, तर विभागाच्याच म्हणण्यानुसार चारपैकी तीन ठिकाणी मुसळधार पाऊस अपेक्षित नसतो. ‘आमच्याकडे थेंब नाही’ असं म्हणणाऱ्या गावामुळे तो अंदाज खोटा ठरत नाही. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात त्याच शहरातल्या कुलाब्यात ७३ मिलिमीटरच्या आसपास. एका शहरात इतका फरक पडू शकतो, तिथे एका जिल्ह्याचं काय.

‘पावसाची शक्यता ३० टक्के’ म्हणजे काय?

मोबाइलवर दिसणारा हा आकडाही बहुतेकांना वेगवेगळा कळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्स या पाच शहरांतल्या लोकांना हाच प्रश्न विचारला होता. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उद्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल, असं काहींना वाटलं. ३० टक्के भागात पडेल, असं काहींना वाटलं. बहुसंख्य लोकांनी बरोबर अर्थ सांगितला तो फक्त न्यूयॉर्कमध्ये.

बरोबर अर्थ असा : उद्यासारखी स्थिती असलेले दहा दिवस घेतले, तर त्यातल्या तीन दिवशी पाऊस पडेल. त्यामुळे ३० टक्के सांगितल्यावर पाऊस पडला, म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. असे अंदाज एका दिवसावरून तपासता येत नाहीत. ३० टक्के सांगितलेले सगळे दिवस एकत्र करून त्यातल्या किती दिवशी पाऊस पडला, हे पाहावं लागतं.

रिकामी जागा कोण भरतं?

शक्यतेची भाषा ऐकायला कच्ची वाटते. ‘१४ ते १७ तारखेदरम्यान तुमच्या जिल्ह्यात धो धो पाऊस’ असं छातीठोकपणे सांगणारा व्हिडिओ पक्का वाटतो. म्हणून यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर असे अंदाज देणाऱ्यांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला आहे. ते शेतकऱ्याच्या भाषेत बोलतात, त्याच्या तालुक्याचं नाव घेतात. सरकारी पत्रकाला हे जमलेलं नाही, हे मान्य करावं लागेल.

पण खात्रीचा सूर म्हणजे पुरावा नव्हे. असा एखादा मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहता येतात. एक, अंदाज किती दिवस आधीचा आहे? महिनाभर आधी तारीख आणि तालुका सांगणारा अंदाज संशयास्पद समजावा. दोन, तो चुकू शकतो, हे त्यात कुठे म्हटलंय का? तीन, त्याच व्यक्तीचे चुकलेले अंदाज कुठे पाहायला मिळतात का, की फक्त बरोबर आलेलेच पुन्हा पुन्हा दाखवले जातात? हवामान विभागाच्या २००२ आणि २००९च्या चुका आज सगळ्यांना माहीत आहेत, कारण अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस या दोन्हींच्या नोंदी उघड्या आहेत.

मग शेतकऱ्याने पाहायचं काय?

एप्रिलच्या अंदाजावर पेरणी ठरवायची नसते. तो अंदाज मे अखेरीस सुधारला जातो. त्यानंतर दर महिन्याचा अंदाज येतो, पुढच्या चार आठवड्यांचा येतो आणि शेवटी पाच दिवसांचा. जसजसा दिवस जवळ येतो, तसतसा अंदाज जास्त भरवशाचा होतो. २०२३ मध्ये ऑगस्टचा पाऊस सरासरीपेक्षा कमी राहील, हे विभागाने ३१ जुलैला सांगितलं होतं. एप्रिलच्या ‘सामान्य’ला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी या बातमीला मिळाली नाही.

जिल्ह्यासाठीचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ‘मेघदूत’ या सरकारी ॲपवर तो पाहता येतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दर जूनमध्ये दिला जातो. मथळ्यातल्या टक्क्यांपेक्षा शेतातली ओल पेरणीबद्दल जास्त सांगते.

अंदाज आणखी बारीक करण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधीचं मॉडेल देशाचे १२ किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडत होतं, नवीन मॉडेल ६ किलोमीटरचे चौकोन करतं. गावपातळीच्या अंदाजाच्या दिशेने हे मोठं पाऊल आहे. पण लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये दिसलेली मर्यादा चौकोन लहान केल्याने पुसली जात नाही.

त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्येही पत्रकात एक मोठा आकडा असेल आणि त्याखाली पाच ओळींचा तक्ता असेल. मथळा त्या आकड्याचाच होईल. त्या वर्षाच्या पावसाबद्दल विज्ञानाला जे खरोखर माहीत असतं, ते त्या तक्त्यात असतं. तो वाचायला अर्धा मिनिट लागतो.